पेनाची सीट, पेन्सिलीची सीट: विमानाचं बुकिंग आणि न येणाऱ्या माणसाचा इतिहास

(या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)

गारगोटीचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे १९४२ चा कचेरीवरचा हल्ला आणि त्यातले हुतात्मे, आणि दुसरी म्हणजे जे. पी. नाईक आणि मौनी विद्यापीठ. या दोन्हींवर पुष्कळ बोललं गेलंय, पुढेही बोललं जाईल. आज मात्र मी एका वहीपासून सुरुवात करणार आहे. ती वही माझ्या वडिलांची, म्हणजे आप्पांची.

आप्पांचं गारगोटीत एसटीडी बूथ होतं आणि त्याच खोक्यात रात्रीच्या मुंबईच्या लक्झरीचं बुकिंग चालायचं. गाडी मालकाची आणि आप्पा कमिशनवर. गारगोटीच्या वाट्याला आठ-दहा सीटचा कोटा असायचा. वहीत गाडीचा चार्ट आखलेला, प्रत्येक चौकोनात एक नाव. पण सगळी नावं सारखी नसायची. काही निळ्या पेनाने लिहिलेली, काही शिसपेन्सिलीने. मी लहानपणी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "पेनाचा माणूस येतो. पेन्सिलीचा येईलच असं न्हाई."

झालं, एवढंच. पण पुढे मी कॉम्प्युटर शिकलो, नोकरीच्या निमित्ताने आकड्यांच्या अंदाजांशी संबंध आला, तेव्हा कळलं की जगातल्या विमान कंपन्यांनी याच एका प्रश्नावर साठ-सत्तर वर्षं डोकं लावलंय. बुकिंग केलेला माणूस येईल का? आला नाही तर त्याच्या जागेचं काय करायचं? आणि आपला अंदाज चुकला तर कुणी सोसायचं? आजच्या भागात हा इतिहास बघू. तिसरा प्रश्न नीट लक्षात ठेवा, शेवटी आपण तिथेच येणार आहोत.

नासणारा माल

गारगोटीहून मुदाळ तिट्ट्याला किंवा कोल्हापूरला वडापने गेलेल्यांना एक नियम माहीत आहे. जीप भरल्याशिवाय हलत नाही. तिथे बुकिंग नाही, रद्द करणं नाही, अंदाज नाही. वाट बघायची ती प्रवाशाने. म्हणजे रिकाम्या जागेचं सगळं नुकसान वेळेच्या रूपात प्रवासी भरतो.

विमानाचं उलटं आहे. ते भरो न भरो, ठरल्या वेळी निघणार. दार बंद झालं की रिकामी सीट संपली. टोमॅटो निदान संध्याकाळी पडत्या भावाने विकता येतो, दुधाची पावडर करता येते. पण काल सकाळच्या उड्डाणातली रिकामी सीट आज कुणाला विकणार? इंधन तेवढंच जळलं, पायलटचा पगार तेवढाच गेला. म्हणून विमानातली सीट हा जगातला सगळ्यात लवकर नासणारा माल आहे, असं म्हणायला हरकत नाही.

सुरुवातीला हा प्रश्न नव्हता, कारण प्रवासीच नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला छोटं पस मॉथ विमान घेऊन आले, त्यात टपाल होतं. पुढच्या पूर्ण वर्षात, म्हणजे १९३३ मध्ये, त्या कंपनीने नेलेले प्रवासी किती? १५५. खरा धंदा टपालाचा. आणि टपालाच्या पिशवीचा मोठा गुण असा, की ती ऐनवेळी "माझं यायचं रहित झालं" म्हणत नाही.

आपल्या कोल्हापूरची धावपट्टीही त्याच काळातली. छत्रपती राजाराम महाराजांनी ती १९३९ मध्ये उजळाईवाडीला करून घेतली. त्या काळी विमानात कोण बसणार हे बोटांवर मोजून सांगता आलं असतं. मोजकी माणसं, सगळी ओळखीची. आप्पांच्या भाषेत, सगळी नावं पेनाची.

फिरत्या टेबलापासून सेबरपर्यंत

गर्दी वाढली ती दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत. तिथे अमेरिकन एअरलाइन्सचं बुकिंग कसं चालायचं बघा. एका गोल फिरत्या टेबलावर कार्डांचे गठ्ठे. भोवती आठ माणसं बसलेली. प्रत्येक उड्डाणाचं एक कार्ड. फोन आला की टेबल फिरवायचं, कार्ड काढायचं, खूण करायची, परत ठेवायचं. एक बुकिंग पुरं व्हायला सरासरी दीड तास लागायचा, कारण एका गावातून दुसऱ्या गावाला निरोप जायचा आणि उत्तर यायचं. टेबलाभोवती माणसं तरी किती बसवणार? ती आठाच्या वर बसू शकत नव्हती, म्हणून कंपनीची वाढही तिथेच अडत होती.

१९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात दोन स्मिथ शेजारी बसले. एक सी. आर. स्मिथ, अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख. दुसरे ब्लेअर स्मिथ, आयबीएमचे विक्रेते. आडनावावरून गप्पा सुरू झाल्या आणि त्यातून पुढे 'सेबर' नावाची यंत्रणा उभी राहिली. १९६० मध्ये ती सुरू झाली आणि १९६४ पर्यंत कंपनीचं सगळं बुकिंग तिच्यावर गेलं. दीड तासाचं काम काही सेकंदांवर आलं.

आता गंमत अशी झाली की हिशेब स्वच्छ झाला तसं एक जुनं दुखणं उघडं पडलं. माणसं बुकिंग करत होती आणि येत नव्हती. काही न कळवता घरी राहायची, काही एकाच दिवशी तीन विमानांत जागा धरून सोयीच्या विमानाने जायची. त्या काळी न येण्याचा दंड जवळपास नव्हताच. १९६१ च्या सुमारास अमेरिकेच्या नागरी विमान मंडळाने पाहणी केली तेव्हा मोठ्या कंपन्यांकडे दहामागे एक माणूस असा गळत होता. धंद्यात याला 'नो-शो' म्हणतात.

मग कंपन्यांनी काय केलं? शंभर जागांच्या विमानाची एकशेपाच तिकिटं द्यायला लागल्या. ओव्हरबुकिंग. गणितज्ञांनी त्यालाही आधार दिला. १९५८ मध्ये मार्टिन बेकमन या अर्थशास्त्रज्ञाने यावर निबंध लिहिला, १९६८ मध्ये मार्विन रॉथस्टीन याने याच विषयावर प्रबंध केला.

गणित अवघड नाही. प्रत्येक माणूस येण्याची शक्यता दहात नऊ धरा. शंभर जागांसाठी एकशेपाच तिकिटं विकली तर सरासरी चौऱ्याण्णव-पंच्याण्णव माणसं येतील. शंभराच्या वर माणसं येण्याची वेळ शंभर उड्डाणांत साधारण दोनदा. म्हणजे अठ्ठ्याण्णव वेळा कंपनीचा फायदा आणि कुणालाच काही कळत नाही.

उरलेल्या दोन वेळांचं काय? त्या दोन वेळा कुणीतरी हातात पक्कं तिकीट घेऊन दारात उभा असतो आणि विमान भरलेलं असतं. तेव्हाच्या कंपन्या ही गोष्ट उघड कबूल करत नव्हत्या. "काहीतरी गडबड झाली, माफ करा" म्हणायचं आणि सगळ्यात शेवटी आलेल्याला बाजूला करायचं.

दारात थांबवलेला वकील

२८ एप्रिल १९७२. वॉशिंग्टनच्या विमानतळावर अलेघेनी एअरलाइन्सने असाच एक माणूस थांबवला. दुर्दैव कंपनीचं, कारण तो होता राल्फ नेडर. मोटारगाड्यांच्या सुरक्षिततेवरून बड्या बड्या कंपन्यांना घाम फोडणारा ग्राहक चळवळीचा वकील. त्याला हार्टफर्डला सभेला जायचं होतं. शंभर जागांच्या विमानाची एकशेसात बुकिंग झालेली होती. नेडर कोर्टात गेला. त्याचा मुद्दा साधा होता. तुम्ही जास्त तिकिटं विकता हे मला आधी का सांगितलं नाही? खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७६ मध्ये निकाल आला की ही गोष्ट लपवली म्हणून प्रवासी थेट कोर्टात दाद मागू शकतो, त्यासाठी आधी सरकारी मंडळाच्या निर्णयाची वाट बघत बसायला नको.

याच्या चार वर्षं आधीच, १९६८ मध्ये, ज्युलियन सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने एक उपाय सुचवला होता. तो म्हणाला, माणसं जास्त झाली तर सगळ्यांना एक पाकीट द्या. "किती पैसे मिळाले तर तुम्ही पुढच्या विमानाची वाट बघाल?" ते प्रत्येकाने लिहायचं. ज्याने सगळ्यात कमी रक्कम लिहिली त्याला तेवढे पैसे द्या आणि थांबवा. ज्याला घाई आहे तो जाईल, ज्याला घाई नाही तो पैसे घेऊन जाईल.

विमान कंपन्यांनी त्याची थट्टा केली. असं कुठं होतं का, म्हणाले. पण १९७८ मध्ये अमेरिकेच्या नागरी विमान मंडळाचे अध्यक्ष आल्फ्रेड कान, तेही अर्थशास्त्रज्ञच, यांच्या काळात नियम झाला. आधी विचारा, स्वखुशीने कोण थांबतंय? मोबदला द्या. कुणीच तयार नसेल तर मगच कुणाला उतरवा, आणि त्यालाही भरपाई द्या. पाकिटं आली नाहीत, पण कल्पना आली.

मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. अंदाज बांधण्याचं गणित त्या वर्षी काही बदललं नाही. चुकीचा भार कुणावर टाकायचा, ते बदललं.

शेवटची सीट कुणासाठी ठेवायची?

न येणाऱ्यांच्या या हिशेबाला लागूनच दुसरा हिशेब सुरू झाला, उशिरा येणाऱ्यांचा. ब्रिटनची बीओएसी कंपनी लवकर बुकिंग करणाऱ्यांना सवलत द्यायला लागली होती. पण स्वस्तात सगळ्या जागा विकून टाकल्या तर ऐनवेळी पूर्ण पैसे देणारा व्यापारी येईल त्याला काय सांगणार? १९७२ मध्ये तिथल्या केनेथ लिटलवूड यांनी नियम मांडला. रुपयांत सांगतो. स्वस्त तिकीट २,५०० चं, महाग ५,००० चं. आज समोर स्वस्तातला गिऱ्हाईक उभा आहे. महागडा गिऱ्हाईक पुढे येण्याची शक्यता निम्म्यापेक्षा जास्त वाटत असेल तर सीट राखून ठेवा, कमी वाटत असेल तर आत्ताच विकून टाका. एवढाच नियम. पण त्यासाठी गेल्या वर्षी या वारी, या उड्डाणाला, किती दिवस आधी किती जण आले याची नोंद पाहिजे. नोंद होती, ती सेबरसारख्या यंत्रांच्या पोटात.

ती नोंद हत्यारासारखी वापरली रॉबर्ट क्रँडल यांनी. १९७८ मध्ये अमेरिकेत भाडं ठरवण्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि १९८१ मध्ये डोनाल्ड बर यांची पीपल एक्स्प्रेस नावाची स्वस्त कंपनी आली. सगळ्यांना एकच कमी भाडं, गाड्या भरलेल्या... गाड्या नाही, विमानं. सवय, दुसरं काय. तर क्रँडल यांच्या अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये काही जागांचं भाडं तेवढंच खाली आणलं, पण अटी घातल्या. बरेच दिवस आधी बुकिंग करा, आणि रद्द केलंत तर पैसे कापणार. उरलेल्या जागा महाग ठेवल्या. पीपल एक्स्प्रेसकडे असा हिशेब ठेवणारी यंत्रणाच नव्हती. दोनेक वर्षांत ती कंपनी विकली गेली.

इथे आणखी एक गोष्ट बदलली. रद्द करण्याला दंड लावणं म्हणजे प्रवाशाच्या वागण्याचा अंदाज बांधणं नव्हे. त्याचं वागणंच बदलणं. आप्पा म्हणतील, पेन्सिलीवर जबरदस्तीनं पेन फिरवणं.

आपल्याकडे

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं. तर नाही. गारगोटीला रेल्वे नाही, पण कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलेला प्रत्येक माणूस या शास्त्राचा जाणकार आहे. आपल्याला वेटिंग लिस्ट माहीत आहे. आपल्याला आरएसी माहीत आहे. आरएसी म्हणजे काय? एका बर्थवर दोघांना बसायला जागा देणं आणि कुणी आलं नाही तर झोपायला देणं. हे ओव्हरबुकिंगच आहे, पण उघड्यावर केलेलं. तिकीट काढतानाच तुम्हाला सांगितलंय की तुमची जागा पेन्सिलीची आहे. तुम्ही बघून, विचार करून घेता.

आणि रेल्वेलाही हा हिशेब चुकलेला नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. रेल्वेने दिलेलं कारण ऐका. ६१ ते १२० दिवस आधी केलेल्या आरक्षणांपैकी सुमारे २१ टक्के रद्द होत होती, आणि वर ४ ते ५ टक्के लोक तिकीट रद्दही न करता येतच नव्हते. म्हणजे जितकं लांबचं बुकिंग तितकी पेन्सिल जास्त. आप्पांना हे सांगायला पाहणी लागली नसती.

विमानाचं म्हणाल तर २५ ऑगस्ट २००३ ला कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनचं पहिलं विमान बेंगळुरूहून हुबळीला गेलं आणि सामान्य माणसाचा विमानाशी संबंध सुरू झाला. पुढे त्यांची एक रुपयाची तिकिटंही गाजली. एक रुपयाचं तिकीट काढलेला माणूस न येण्याआधी किती विचार करेल, हे तुम्हीच ठरवा. त्याच २००३ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी पुढचं पाऊल टाकलं होतं. उड्डाणाची सरासरी बघण्याऐवजी प्रत्येक प्रवाशाच्या बुकिंगची नोंद बघून हा माणूस येईल का, याचा अंदाज यंत्राला शिकवायचा. तिकीट किती दिवस आधी काढलं, किती जणांचं, कुठल्या दराचं, परतीचं आहे का, कुठला वार. आजची यंत्रं तेच करतात, फक्त नोंदी अफाट वाढल्यात.

आता कोल्हापूरला येऊ. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राची उडान योजना आली. तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांवर सुरुवातीला २,५०० रुपयांची भाडेमर्यादा, आणि कंपनीचा तोटा भरून काढायला तीन वर्षं सरकारी मदत. त्यातून २०१८ मध्ये कोल्हापूर-मुंबई विमान सुरू झालं, अठरा जणांचं छोटं बीचक्राफ्ट. नंतर हैदराबाद, बेंगळुरू, तिरुपती ही नावं फलकावर आली. मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारतही झाली.

पण छोट्या विमानाचं गणित वेगळं असतं. मघाचाच हिशेब करा. प्रत्येक जण येण्याची शक्यता दहात नऊ. अठरा जागांना एकोणीस तिकिटं विकली, फक्त एक जास्त, तरी शंभरातल्या तेरा-चौदा उड्डाणांत कुणीतरी बाहेर राहणार. वीस विकली तर शंभरातल्या एकोणचाळीस! मोठ्या विमानात गर्दी एकमेकांच्या चुका झाकते, छोट्या विमानात प्रत्येक माणूस उघडा पडतो.

त्यात आपल्याकडे माणूस एकटा कुठं जातो? हे सगळं गणित असं धरून चाललंय की प्रत्येक जण आपापलं ठरवतो. आपल्याकडे लग्नाला आठ जण निघतात, तिरुपतीला अख्खं घर निघतं, आणि घरात सुतक आलं की आठच्या आठ नावं एकदम खोडली जातात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक थांबली. त्या आठवड्यात मागच्या पाच वर्षांची नोंद काय कामाची? २०२० मध्ये कोरोनाने तर जगातल्या सगळ्या यंत्रांचे अंदाज एका महिन्यात मोडीत काढले, कारण मागे असं काही घडलेलंच नव्हतं.

आणि अंदाज एकाच बाजूने बांधून चालत नाही. प्रवासी येईल का हे कंपनी विचारते. कंपनी येईल का, हे प्रवाशाने कुणाला विचारायचं? कॅगने २०२३ मध्ये उडान योजनेचा अहवाल दिला. तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिलेले मार्ग होते ५४. म्हणजे आपल्यासारख्या गावांसाठी कधी कधी अख्खं विमानच पेन्सिलीने लिहिलेलं असतं.

वहीतलं लाल वर्तुळ

आता कबूल केल्याप्रमाणे तिसऱ्या प्रश्नाकडे.

२०१७ साली आप्पांची अँजिओप्लास्टी ठरली. मी तेव्हा बाहेरच्या राज्यात एका मोठ्या शहरात नोकरीला. संध्याकाळचं पुण्याचं विमान, तिथून रात्रीची गाडी, पहाटे कोल्हापुरात, असा बेत. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझं तिकीट बघितलं, शेजारच्याशी काहीतरी बोलली आणि म्हणाली, "सर, फ्लाइट फुल आहे." मी म्हटलं, माझं कन्फर्म आहे. ती म्हणाली, हो सर, तरीही. कंपनीचं नाव घेत नाही, मुद्दा तो नाही.

आपल्याकडे डीजीसीएने २०१० मध्ये यावर नियम केले आणि २०१६ मध्ये भरपाई वाढवली. पर्यायी विमान चोवीस तासांच्या आत दिलं तर मूळ भाड्याच्या दुप्पट, पण जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, जास्तीत जास्त २०,०००. तासाभरात दुसरी सोय झाली तर काही नाही. आणि हे सगळं करण्याआधी, स्वखुशीने कोण थांबतंय का, हे विचारायचं. मला पैसे मिळाले, वाद घालावा लागला नाही. मी दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापुरात पोचलो. आप्पांना तोवर ऑपरेशन करून बाहेर आणलं होतं. सगळं नीट झालं. पण आत नेताना आईजवळ मी नव्हतो.

आप्पांना घडलं ते सांगितलं. अंथरुणावरूनच त्यांनी विचारलं, "त्यांनी आधी इचारलं का, कोण थांबतंय म्हणून?"

मी म्हटलं, "नाही आप्पा. माझ्यासमोर तरी नाही. शेवटी आलो म्हणून मलाच काढलं."

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घरी गेल्यावर वही काढ. लाल गोल हाय एक."

घरी वही काढली. एका चार्टवर एका नावाभोवती लाल पेनाने वर्तुळ होतं. त्या रात्री आप्पांनी पेन्सिलीची एक सीट दुसऱ्याला विकली होती. हे ते नेहमी करायचे आणि नेहमी जमायचं. त्या दिवशी पेन्सिलवाला आला, बायको-पोरासकट, सामान घेऊन. ज्याला सीट विकली होती तो एका जवळच्या खेड्यातला पोरगा, सकाळी मुंबईत मुलाखत. केबिनमध्येही जागा नव्हती. पोरगा बोलायला नरम, म्हणून आप्पांनी त्यालाच उतरवलं. तो एसटीने कोल्हापूरला गेला, तिथून मिळेल त्या गाडीने मुंबईला. मुलाखतीची वेळ टळून गेली होती. आठ दिवसांनी आप्पांनी त्याला पैसे परत द्यायला बोलावलं तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका, तुमची काय चूक. गाडी भरलीवती." पैसे घेतले नाहीत.

"त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," आप्पा म्हणाले.

त्यानंतर आप्पांनी धंद्याची रीत बदलली. मला हे माहीत होतं, पण कारण माहीत नव्हतं. पेन्सिलीची सीट विकताना ते आधी सांगायचे, "मूळ गिऱ्हाईक आलं तर उठावं लागंल, चालंल का?" चालत असेल तर थोडे पैसे कमी घ्यायचे. आणि तरीही माणसं जास्त झाली तर गाडीत चढून विचारायचे, "पाव्हणं, उद्या गेलं तर कुणाचं काय अडतंय का? निम्मं भाडं माघारी देतो." कुणीतरी उतरायचंच. बहुतेक वेळा एखादे म्हातारे आजोबा, पोराकडे निघालेले. एक दिवस इकडं काय आणि तिकडं काय.

आप्पांनी ज्युलियन सायमनचं नाव ऐकलेलं नव्हतं. निम्मं भाडं कमिशनमधून जायचं, म्हणजे चुकीचा भार अंदाज बांधणाऱ्याने उचलला. आणि उतरणार कोण, हे नरम कोण यावरून न ठरता घाई कुणाला नाही यावरून ठरायला लागलं.

मंडळी, मी या अंदाजांच्या विरोधात नाही. रिकाम्या जागा घेऊन विमानं उडाली तर भाडं वाढतं, आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणी विमानच बंद होतं. अंदाज बांधलाच पाहिजे, आणि आजची यंत्रं तो आप्पांपेक्षा कितीतरी चांगला बांधतात. पण यंत्राचा अंदाज गर्दीबद्दल खरा असतो. शंभरात दोन, असं ते सांगतं. त्या दोघांपैकी एक मुलाखतीला निघालाय की बापाच्या ऑपरेशनला, हे त्या आकड्यात नसतं. ते कळायला एकच जुना उपाय आहे, विचारणं. आणि तो नियमात लिहिलेला आहे. पुढच्या वेळी काउंटरवर "फ्लाइट फुल आहे" असं ऐकलंत, तर भांडण्याआधी शांतपणे एवढंच म्हणा, "आधी कोण थांबतंय का ते विचारलंत का?" तो तुमचा हक्क आहे.

आप्पांचं बूथ कधीच बंद झालं. आता गारगोटीतली पोरं मोबाइलवर सीट निवडतात. वही माझ्याकडे आहे. पेन्सिलीची नावं पुसट होत चाललीत, लाल वर्तुळ तेवढं ठळक आहे.

तुमच्याकडे एसटीच्या, लक्झरीच्या किंवा विमानाच्या अशा आठवणी असतील तर नक्की कळवा, त्यातल्या काही पुढच्या भागात वाचून दाखवीन.